मनाच्या जखमेची पेन्शन: कोणते दार, कोणता कागद

पुणे जिल्ह्यात खोडदच्या रेडिओ दुर्बिणीभोवतीच्या वस्त्यांपासून नारायणगाव, मंचर, घोडेगावपर्यंत माजी सैनिकांच्या घरांतून एकच विचारणा वेगवेगळ्या शब्दांत येते. घरधनी फौजेतून आले ते पहिल्यासारखे राहिले नाहीत. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. बिबट्याला हाकलायला शेजारच्या उसात कोणी फटाका लावला, तर ते अंथरुणातून उठून भिंतीला पाठ लावून बसतात. चाकणला गार्डची नोकरी लागली होती, ती दोन महिन्यांत सुटली. रांजणगावची तीन आठवडे टिकली. आता टोमॅटोच्या तोडणीला मजूर आले, तरी ते घराबाहेर पडत नाहीत. अशा माणसाला सरकार काही देते का, असे घरचे विचारतात. त्याच्या मागोमाग दोन गैरसमजही येतात. ज्याला काम जमत नाही त्याला आपोआप पेन्शन लागते, हा पहिला. दुसरा याच्या उलट, पण तितकाच पक्का: पेन्शन चालू असताना शेतात काम करताना दिसलात, तर ती बंद होते. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि दोन्हींमुळे घरांचे नुकसान होते.

लढाईचा, मृत्यूचा किंवा मोठ्या आपत्तीचा आघात मनात घर करून राहतो, त्या आजाराला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात. तुमच्या कागदांवर मात्र हाच शब्द असेल असे नाही. 'डिप्रेशन', 'अॅडजस्टमेंट डिसऑर्डर', 'सायकोसिस', 'स्किझोफ्रेनिया' किंवा नुसते 'लो मेडिकल कॅटेगरी' असेही लिहिलेले सापडेल. निदानाच्या नावावर अडून बसू नका. आजार कधी सुरू झाला, त्या वेळी जवान कुठे होता आणि हे कोणत्या कागदावर कोणत्या शब्दांत उतरले, यावर दाव्याचा निकाल बराचसा अवलंबून असतो. पुढे जे सांगितले आहे, ते सारे या एका गोष्टीभोवती फिरते.

आधी तुमचे दार ओळखा

भूदल, नौदल आणि हवाई दलाचे नियम वेगळे, सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ यांचे वेगळे. गावात सगळ्यांना 'फौजी'च म्हणतात, म्हणून ही गल्लत फार होते. आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली. तिथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी पावसात, चिखलातून कित्येक दिवस मृतदेह काढले. अशा कामाचा घाव मनावर राहिला, तर तो सैनिकाच्या घावापेक्षा हलका ठरत नाही. पण हे जवान केंद्रीय पोलीस दलांतून आलेले असतात. त्यामुळे त्यांचा अर्ज केंद्रीय नागरी सेवांच्या असाधारण पेन्शन नियमांखाली, आपापल्या दलाच्या मुख्यालयामार्फत जातो आणि वाद झाला तर तो उच्च न्यायालयात न्यावा लागतो. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे दार त्यांना उघडे नाही. त्यांच्या बाजूचा एक निकाल मात्र महत्त्वाचा आहे. रवींदर कुमार धारीवाल हे सीआरपीएफमधले अधिकारी होते. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मानसिक आजाराशी जोडलेल्या वागणुकीबद्दल शिस्तभंगाची कारवाई चालवणे हा भेदभाव ठरू शकतो. तुमच्या घरातला जवान अशा दलातला असेल आणि त्याच्यावर खातेनिहाय चौकशी चालू असेल, तर हा निकाल वकिलाच्या नजरेस आणा.

अग्निवीरांची गोष्ट तिसरी. त्यांना मासिक पेन्शन नाही. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी १००, ७५ आणि ५० टक्क्यांना अनुक्रमे ४४, २५ आणि १५ लाख रुपये एकरकमी, अशी तरतूद आहे. पैसे एकदाच मिळणार असल्याने अग्निवीराने सेवेत असतानाच आजाराची नोंद करून घेणे जास्तच निकडीचे आहे. इथून पुढे मुख्यतः तिन्ही सैन्यदलांतून परतलेल्यांबद्दल लिहिले आहे.

बोर्ड काय तपासते

जवानाच्या मनाची स्थिती फौजेत 'शेप' या वैद्यकीय वर्गवारीतल्या पहिल्या अक्षराखाली, म्हणजे 'एस'खाली मोजतात. एस-१ म्हणजे निरोगी, एस-५ म्हणजे सेवेला अयोग्य. एस-५ झाला की मेडिकल बोर्ड बसते आणि जवान 'बोर्डआउट' होतो. बोर्डाचा अहवाल एएफएमएसएफ-१६ नावाच्या फॉर्मवर असतो. हा फॉर्म तुमच्या घरातल्या कुठल्याही कागदापेक्षा मोलाचा आहे. त्यात आजार कोणत्या तारखेला आणि कोणत्या ठिकाणी सुरू झाला, याचा रकाना असतो. पुढे बोर्डाचे मत असते: आजार सेवेमुळे झाला का, सेवेमुळे वाढला का, की दोन्ही नाही. आणि शेवटी टक्केवारी. अनेक अहवालांत 'दोन्ही नाही'च्या पुढे कारण म्हणून 'कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर' (म्हणजे मूळ प्रकृतीतलाच आजार) एवढे दोन शब्द असतात. ज्या दोन शब्दांवर कुटुंबाची पेन्शन अडते, त्यांच्या आधी काही विचार झाला होता की नाही, हे तपासण्याचा तुम्हाला हक्क आहे.

जुन्या पेन्शन नियमांनुसार अपंगत्व सेवेमुळे झालेले किंवा वाढलेले असावे लागते आणि ते किमान २० टक्के असावे लागते. बोर्डआउट झालेल्याला सेवेचा भाग आणि अपंगत्वाचा भाग असे दोन्ही मिळतात आणि सेवेचा भाग मिळण्यासाठी पंधरा वर्षांच्या नोकरीची अट नसते. अपंगत्वाचा भाग १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के या हिशेबाने निघतो. शेवटचा पगार ४०,००० रुपये धरला, तर १०० टक्क्यांना १२,००० रुपये. ३० टक्के अपंगत्वाला सरळ हिशेबाने ३,६०० होतील. पण बोर्डआउट झालेल्यांसाठी १९९६ पासून टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याचा नियम आहे. ५० च्या खालची ५० धरायची, ५० ते ७५ मधली ७५ आणि ७६ पासून पुढची १००. त्यामुळे ३,६०० च्या जागी ६,००० होतात आणि वर महागाई भत्ता. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात ठरवले. तुमच्या पेन्शन आदेशावर, म्हणजे पीपीओवर, टक्केवारी अजून ३० किंवा ४० च असेल, तर आजाराबद्दल काहीही सिद्ध न करता केवळ या मुद्द्यावर अर्ज करता येतो. कितीतरी घरांत हा अर्ज कोणी केलेलाच नसतो.

एक तारीख लक्षात ठेवा: २१ सप्टेंबर २०२३. त्या दिवसापासून नवे नियम लागू झाले. सेवा पूर्ण करून जाणाऱ्यांच्या बाबतीत त्यांनी 'अपंगत्व पेन्शन'ऐवजी वेगळी संज्ञा आणि वेगळी चौकट आणली. त्याआधी घरी आलेल्यांचे प्रकरण त्यांच्या काळच्या नियमांवरच तपासायचे असते. कोणी नवे नियम दाखवून २००५ च्या जवानाला परत पाठवत असेल, तर डिस्चार्ज बुकावरची तारीख पुढे करा.

'नोकरी टिकत नाही' हे कुठे मोजतात

अमेरिकेत एक सोय आहे. ज्या माजी सैनिकाचे अपंगत्व कागदावर ६० किंवा ७० टक्के आहे, पण त्यामुळे त्याला कुठलीच नोकरी टिकवता येत नाही, त्याला १०० टक्क्यांचा दर देता येतो. मोबाइलवर दिसणाऱ्या व्हिडिओंमधून हा नियम आपल्याकडेही आहे, असे अनेकांना वाटते. तसा नियम आपल्याकडे नाही. बोर्ड आजाराची टक्केवारी ठरवते. चाकणची नोकरी का सुटली, हे विचारत नाही. हा नियमांतला उणेपणा आहे. मनाच्या आजारात माणूस एखादा दिवस पूर्ण बरा दिसतो आणि नेमका तोच दिवस बोर्डाचा निघतो. पण या उणेपणाची दुसरी बाजू तुमच्या फायद्याची आहे. अपंगत्व पेन्शन मिळकतीवर अवलंबून नसल्यामुळे जवानाने शेत कसले, दूध डेअरीला घातले, बरे वाटले त्या महिन्यात नोकरी धरली, तरी ती बंद होत नाही. शिवाय फेब्रुवारी २००१ च्या सरकारी आदेशानंतर दर काही वर्षांनी पुन्हा बोर्डापुढे उभे करण्याची जुनी पद्धतही थांबली. भीतीपोटी माणसाला घरात बसवून ठेवू नका. काम आणि दिनक्रम हा त्याच्या उपचाराचा भाग आहे.

काम करता येण्या-न येण्याचा प्रश्न दोन ठिकाणी मात्र खरोखर येतो. पहिले ठिकाण इनव्हॅलिड पेन्शनचे. आजाराचा सेवेशी संबंध मान्य झाला नाही, तरी बोर्डआउट जवानाला ही पेन्शन मिळू शकते. पूर्वी तिला दहा वर्षांच्या सेवेची अट होती. १६ जुलै २०२० च्या आदेशाने ती सैल झाली, पण ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा नंतर सेवेत असलेल्यांपुरती, आणि जवान नागरी नोकरीलाही कायमचा अयोग्य ठरला असेल तरच. दुसरे ठिकाण दिव्यांग प्रमाणपत्राचे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार हा २१ प्रकारांपैकी एक आहे. त्याची मोजणी 'आयडियाज' नावाच्या मापाने होते. स्वतःची काळजी, माणसांशी वागणे, बोलणे-समजणे आणि काम, अशा चार बाबींना गुण देतात आणि गेल्या दोन वर्षांत किती काळ आजारात गेला, तेही जोडतात. इथे तुटक नोकऱ्यांचा पुरावा उपयोगी पडतो. सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे भविष्य निर्वाह निधीचे पासबुक. दोन महिने भरणा, पाच महिने रिकामे, पुन्हा तीन आठवडे, पुन्हा काही नाही. ते पान डॉक्टरांपुढे ठेवा. शेतकरी असेल तर घरच्यांनी एका वहीत साधी नोंद ठेवावी: कोणत्या दिवशी काम झाले, कोणत्या रात्री झोप नव्हती, कधी औषध चुकले. एवढे पुरते. प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून पुण्यात औंधच्या जिल्हा रुग्णालयात तपासणीला जाता येते.

हे प्रमाणपत्र आणि लष्करी पेन्शन या दोन स्वतंत्र वाटा आहेत. एकाची टक्केवारी दुसऱ्याला बांधून नसते. प्रमाणपत्र नसले म्हणून पेन्शन अडत नाही; पेन्शन नाकारली म्हणून प्रमाणपत्र नाकारता येत नाही. ४० टक्के किंवा जास्तीचे प्रमाणपत्र असेल तर सरकारी नोकऱ्यांतल्या दिव्यांग आरक्षणाचा विचार करता येतो. ज्या घराला कोणतीच पेन्शन नाही आणि उत्पन्न फार थोडे आहे, त्यांनी जुन्नर किंवा घोडेगावच्या तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचीही चौकशी करावी.

सेवेशी संबंध कोणत्या प्रसंगांतून जोडला जातो

लष्करी डॉक्टरांसाठी पेन्शनविषयी एक मार्गदर्शिका आहे. २००८ च्या आवृत्तीत मानसिक आजारांवर स्वतंत्र भाग आहे आणि तो बहुतेक कुटुंबांना ठाऊकच नसतो. आजार पुढील परिस्थितीत सुरू झाला असेल, तर तो सेवेमुळे झाला असे मानावे, असे त्यात आहे:

- लढाईच्या किंवा बंडखोरीविरोधी मोहिमेच्या भागात, अतिउंचीवर किंवा अगदी एकाकी चौकीवर तैनात असताना
- समुद्रावरची सेवा, पाणबुडी किंवा डायव्हिंगचे अपघात, विमान अपघात, जीवितहानी झालेले लष्करी वाहनाचे अपघात
- भूकंप, चक्रीवादळ, त्सुनामी, आग अशा आपत्तीत नागरी प्रशासनाला मदत करताना, विशेषतः मृतदेहांच्या सान्निध्यात काम करावे लागले असताना
- हात-पाय तुटणे, मेंदूला गंभीर इजा अशा जबर दुखापतीनंतर एका वर्षाच्या आत

याशिवाय आजार सेवेमुळे 'वाढला' असे कधी मानावे, तेही तिथे आहे. एकुलत्या मुलाच्या आईवडिलांचा मृत्यू, पत्नी किंवा मुलाचा मृत्यू, घरावर आलेली नैसर्गिक आपत्ती, एकुलत्या भावाच्या बहिणीचे लग्न अशा वेळी कर्तव्यापोटी सुट्टी नाकारली गेली आणि तीन महिन्यांत आजार सुरू झाला, तर तो वाढीव धरायचा. आधीच कॅटेगरी लागलेल्या जवानाला पुन्हा अतिउंचीवर किंवा मोहिमेवर पाठवले असेल, तरीही तसेच. ही यादी समोर ठेवून घरच्यांनी जवानाच्या पोस्टिंगचा तक्ता मांडावा. श्रीलंकेतला १९८७ ते ९० चा काळ, १९९३ चा किल्लारीचा भूकंप, १९९९ चे कारगिल, काश्मिरातली राष्ट्रीय रायफल्समधली वर्षे, सियाचीन. यांतले काही होते का? त्यानंतर पहिल्यांदा सिक रिपोर्ट कधी झाला? नाकारलेल्या सुट्टीचा अर्ज कुठे आहे का? पहिले लक्षण पुण्यात किंवा सिकंदराबादला, शांत स्टेशनात दिसले, एवढ्यावरून बोर्डाने संबंध नाकारला असेल, तर त्याआधीच्या दोन-तीन वर्षांच्या पोस्टिंग दाखवा. आघाताचा आजार त्या जागी असतानाच बाहेर येतो असे नाही. बऱ्याचदा तो धोका टळल्यावर, माणूस जरा स्थिरावल्यावरच डोके वर काढतो.

न्यायालये एका सुरात बोलत नाहीत

गावात सांगितले जाते की कोर्टात गेले की पेन्शन मिळतेच. तसे नाही, आणि हे आधीच माहीत असलेले बरे. जुलै २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व घालून दिले. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान निरोगी होता असे धरायचे आणि आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर. ते प्रकरण फिट्सचे होते. त्याच महिन्यात वीरपाल सिंग प्रकरणात, मानसिक आजाराबाबत, न्यायालयाने बोर्डाचे मत डोळे झाकून न स्वीकारता नव्याने बोर्ड नेमायला सांगितले. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये नरसिंग यादव प्रकरणात स्किझोफ्रेनियाच्या जवानाला पेन्शन नाकारली गेली. मानसिक आजार भरतीच्या साध्या तपासणीत दिसत नाही, म्हणून नोंद नसणे हा पुरेसा आधार नाही, असे तिथे म्हटले. सरकारी वकील हाच निकाल काढून दाखवतात. पुढे मे २०२५ मध्ये राजुमोन टी. एम. प्रकरणात, पुन्हा स्किझोफ्रेनियाबाबतच, न्यायालयाने बोर्डाच्या अहवालात कारणे नसणे हाच मूळ दोष मानला. कारणांशिवाय दिलेल्या मताच्या बळावर जवानाची पेन्शन अडवता येत नाही.

हे निकाल एकत्र वाचले की तुमच्या अर्जाची दिशा ठरते. केवळ 'भरतीच्या वेळी ठणठणीत होते' एवढ्यावर विसंबू नका, कारण २०१९ चा निकाल तिथेच अडवेल. बोर्डाने कारण दिले नाही, हे दाखवा, आणि त्याच्या जोडीला पोस्टिंग व तारखांचा तक्ता द्या, म्हणजे कारण दिले असते तर ते कोणते असायला हवे होते, हेही स्पष्ट होईल. आक्षेप येईल की हा आजार रक्तातून येतो, काका किंवा आजोबाही असेच होते. लष्कराच्याच मार्गदर्शिकेत मानसिक आजार आतल्या आणि बाहेरच्या कारणांच्या गुंतागुंतीतून होतो असे मानले आहे. घराण्यात आजार असणे म्हणजे सेवेचा वाटा शून्य, असे त्यातून निघत नाही. दुसरा आक्षेप गैरवापराचा. महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये अपंगत्व पेन्शनच्या वाढत्या प्रमाणावर बोट ठेवले, तेव्हापासून तो मोठ्याने घेतला जातो. त्या अहवालात निवृत्त होताना ही पेन्शन घेणाऱ्यांचे प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत बरेच जास्त दिसले होते आणि चर्चा रक्तदाब-मधुमेहासारख्या आजारांभोवती होती. त्या संशयाचा भार काश्मीरमधून परतलेल्या आणि झोप हरवलेल्या शिपायावर टाकणे न्याय्य नाही. पडताळणी कडक असावी, पण ती कारणे लिहून असावी.

दारूचा शेरा, लाल शाई आणि 'स्वतःच्या विनंतीवरून'

बहुतेक प्रकरणे इथे फसतात. झोप लागावी म्हणून जवान प्यायला लागतो, मग कागदावर 'अल्कोहोल डिपेन्डन्स' येते आणि व्यसनाला भरपाई नाही. असे असेल तर आधी तारखा पाहा. दारूच्या नोंदीआधी झोप न लागणे, दचकणे, घाबरणे, डोकेदुखी अशा तक्रारींनी तो युनिटच्या दवाखान्यात, म्हणजे एमआय रूममध्ये, गेला होता का? आधीची एखादी नोंद सापडली, तर दारू हे लक्षण होते आणि मूळ आजार दुसरा होता, असे मांडता येते. युनिटच्या कमांडिंग ऑफिसरने मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवताना भरलेला एएफएमएसएफ-१० हा फॉर्मही मागवा. त्यात जवानाचे वागणे कधीपासून आणि कसे बदलले, हे त्याच्याच अधिकाऱ्याच्या शब्दांत असते.

गैरहजेरी किंवा शिस्तभंगामुळे लाल शाईचे चार शेरे जमले म्हणून घरी पाठवलेल्यांची अडचण याहून मोठी. त्यांच्या बाबतीत आधी डिस्चार्जच तपासावा लागतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये वीरेंद्र कुमार दुबे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, चार शेरे झाले म्हणून आपोआप काढता येत नाही. आधी चौकशी हवी, सेवेचा काळ आणि खडतर पोस्टिंग लक्षात घ्यायला हवे. ज्यांनी कंटाळून 'घरगुती अडचण' लिहून स्वतः डिस्चार्ज मागितला, त्यांना मुदतपूर्व निवृत्तीतही अपंगत्वाचा भाग मिळू शकतो, तोही बाहेर पडतानाच्या बोर्डात अपंगत्व नोंदलेले असेल आणि सेवेशी संबंध मान्य असेल तर. अजून सेवेत असलेल्या जवानाच्या घरच्यांना म्हणून आग्रहाने सांगावेसे वाटते: आजार असेल तर घरगुती कारण लिहून बाहेर पडू नका. रिलीज मेडिकल बोर्डापुढे 'मला काही त्रास नाही' असे लाजेने लिहून देऊ नका. त्या एका वाक्याची सही पुढे वीस वर्षे आडवी येते.

कागद आणि क्रम

जवानाचे कागद त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, महार रेजिमेंटचे सागरला. पेन्शन नसलेल्या जवानाची सेवा-कागदपत्रे साधारण २५ वर्षांनी नष्ट केली जातात. बिनपेन्शन घरी येऊन ज्यांना पंचवीस वर्षे होत आली आहेत, त्यांनी म्हणून एक महिनाही थांबू नये.

१. माहितीच्या अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडे भरतीची वैद्यकीय तपासणी, एएफएमएसएफ-१५, १६ आणि १० हे फॉर्म, रुग्णालयांतले दाखले व पोस्टिंगचा तपशील मागा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जावर सही जवानाचीच असू द्या. पत्नीने स्वतःच्या नावाने मागितले, तर त्रयस्थाची माहिती म्हणून नकार येऊ शकतो.

२. कागद हाती आल्यावर पुण्यातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवा. अर्जाचे नमुने आणि पुढे पाठवण्याची मदत तिथे मिळते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने (नालसाने) जुलै २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे, सैनिक बोर्डांत कायदेशीर मदत केंद्रे उघडण्यासाठी. त्याबद्दल तिथेच विचारा.

३. नाकारल्याचे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील, ते फेटाळले तर सहा महिन्यांत दुसरे. मुदत उलटली असेल, तर आजारपण हेच उशिराचे कारण म्हणून डॉक्टरांच्या कागदासह लिहा.

४. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी मुंबईचे खंडपीठ आहे. अपिलावर सहा महिन्यांत उत्तरच आले नाही, तरी तिथे जाता येते. दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. जुन्नर आणि घोडेगावच्या न्यायालयांतल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा.

पेन्शनच्या दाव्याला उशीर झाला म्हणून दार कायमचे बंद होत नाही. पण २००८ च्या तरसेम सिंग निकालानंतर थकबाकी साधारणपणे दावा दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. २००४ साली घरी आलेल्याने २०२५ मध्ये दावा केला, तर २०२२ पासूनचे पैसे हाती येतील आणि मधली अठरा वर्षे गेली. निकाल कसा लागेल ही शंका असली, तरी अर्ज आजच करावा, याचे कारण हेच. आजार घरी आल्यावर उघड झाला असेल, तर त्यासाठीही नियमांत वाट आहे, पण तिला वर्षांची मर्यादा आहे. निदान झाल्याच्या आठवड्यातच रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर्ड पोस्टाने कळवा आणि पावती जपून ठेवा.

गावात कळेल, या भीतीबद्दल

मुलींची लग्ने व्हायची आहेत, घरावर 'वेड्याचे घर' असा शिक्का नको, म्हणून अनेक घरे गप्प बसतात. ही भीती खरी आहे. तिला हसण्यात अर्थ नाही. पण लष्करी पेन्शनचा कागद रेकॉर्ड ऑफिस, प्रयागराजचे पेन्शन कार्यालय, पेन्शनचे स्पर्श पोर्टल आणि तुमची बँक यांच्यापलीकडे जात नाही. ग्रामपंचायतीला त्यातले काही कळवावे लागत नाही. दिव्यांग कार्डावर मात्र प्रकार लिहिलेला असतो. ते काढायचे की नाही, हे घराने स्वतंत्रपणे ठरवावे आणि त्यात जवानाचे मत आधी विचारावे. गप्प बसल्याची किंमतही मोजून पाहा. पेन्शनर ठरला की माजी सैनिक आरोग्य योजनेत, म्हणजे ईसीएचएसमध्ये, त्याच्यावर आणि पत्नीवर उपचार होतात. पेन्शन नाही तर ईसीएचएस नाही, आणि खासगी मानसोपचाराची दरमहाची औषधे द्राक्षाच्या एका वाईट हंगामात बंद पडतात.

अर्जाचा निकाल यायला वर्षे लागू शकतात, उपचार तोवर थांबवून ठेवू नका. सलग उपचाराचे कागद हाच आजार चालू असल्याचा सर्वांत भक्कम पुरावाही असतो; चिठ्ठ्या तारखेवार एका फाइलमध्ये लावत जा. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतून बोलता येते, पैसे पडत नाहीत. सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. जवान जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलत असेल, तर तो आधी एकटा राहणार नाही असे पाहा, घरात परवान्याची बंदूक असेल तर ती पोलीस ठाण्यात जमा करा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पेन्शन सुरू झाल्यावर खाते पत्नीसोबत संयुक्त ठेवा आणि हयातीचा दाखला देण्याची जबाबदारी तिने किंवा मुलाने घ्यावी. आजाराच्या वाईट महिन्यात दाखला राहून गेला, म्हणून इतक्या कष्टाने मिळालेली पेन्शन थांबलेली घरे आहेत.